कात्री कोणाच्या हातीं?

आईबापांनीं मुलाला हौसेनें अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांची आठवण देणारें नांव ठेवावें, आणि जगानें त्याला 'पाऊल उचल, घेऊन ये' या अर्थाच्या हुकमी नांवानें ओळखावें, हा दैवाचा खेळ नव्हे. तो माणसांचा उद्योग आहे. लिंकन थिओडोर मन्रो अँड्र्यू पेरी हा फ्लॉरिडांतील की वेस्ट येथें ३० मे १९०२ रोजीं जन्मला. 'स्टेपिन फेचिट' या नांवानें तो हॉलिवूडच्या पडद्यावर आला, लोकांना हंसवून श्रीमंत झाला, पुढें १९४७ सालीं दिवाळखोर झाला, आणि अखेर त्याचें तें नांव इंग्रजी भाषेंत एक शिवी होऊन बसलें. गोऱ्यांपुढें लाचारीनें मान तुकविणाऱ्या कृष्णवर्णी माणसाला ती अजूनहि देतात.

ही शिवी देणारांत विद्वान आहेत, चित्रपटांचे इतिहासकार आहेत, आणि ज्यांनीं त्याचा एकहि चित्रपट सबंध पाहिलेला नाहीं असे पुष्कळ सज्जनहि आहेत. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: या माणसानें आळशी, भित्रा, मंदबुद्धि चाकर रंगवून आपल्या समाजाची नालस्ती केली, सबब त्याला विसरावें, आणि विसरतां येत नसेल तर कापून टाकावें. या न्यायदानास आमचा विरोध आहे. गुन्हा घडलाच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. गुन्हा घडला, परंतु आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा केला आहे तो चाकर, आणि धनी मात्र न्यायाधीशाच्या शेजारीं खुर्ची टाकून बसला आहे, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे.

पेरी पडद्यावर करीत काय असे, तें प्रथम पाहूं. तुळतुळीत केलेलें डोकें, अर्धवट मिटलेल्या पापण्या, लोंबता ओठ, जमिनीवरून न उचलतां फरफटत नेलेलीं पावलें, आणि रडव्या, पुटपुटत्या आवाजांत सुरू करून मध्येंच सोडून दिलेलें वाक्य. 'जगांतला सर्वांत आळशी मनुष्य' अशी त्याची जाहिरात होत असे. हा आळशी मनुष्य जत्रांतले खेळ आणि व्हॉडव्हिलची रंगभूमि तुडवीत वर आला होता. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत तो स्वतःच्या नांवानें लेख लिहीत असे. १९२७ सालीं 'इन ओल्ड केंटकी' या मूकपटांत तो चमकला. १९२९ सालीं फॉक्स संस्थेच्या 'हार्ट्स इन डिक्सी' या बोलपटानें त्याचें नांव सर्वतोमुखीं केलें. त्यानें चाळिसांहून अधिक चित्रपटांत काम केलें. दहा लाख डॉलर मिळविणारा पहिला कृष्णवर्णी नट, असें त्याचें वर्णन केलें जातें. एवढी मजल मारणारा मनुष्य आळशी किंवा मंद असणें शक्य नाहीं, हें सांगावयास मानसशास्त्रज्ञ नको. तें सोंग होतें, आणि सोंग वठविणें हेंच नटाचें काम.

"पण असलें सोंग त्यानें घेतलेंच कां?" असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. मात्र त्याआधीं दुसरा प्रश्न विचारावा लागतो. हें सोंग त्यानें शोधून काढलें होतें काय? मुळींच नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, आळशी आणि खुळ्या काळ्याच्या नकला करून, अमेरिकेंतील नाट्यगृहें भरीत आले होते. १९१५ सालच्या ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटांत कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका गोऱ्या नटांनींच तोंडें रंगवून केल्या. बोलपटाच्या युगाचा आरंभ ज्याच्यापासून सांगतात त्या १९२७ सालच्या 'द जॅझ सिंगर' मध्यें अल जोल्सन काजळी फासूनच गातो. म्हणजे हें सोंग शिवलें गोऱ्यांनीं, जवळजवळ शंभर वर्षें मिरविलें गोऱ्यांनीं, आणि त्याचा पैसाहि खाल्ला गोऱ्यांनीं. पेरी आला तेव्हां कृष्णवर्णी नटासाठीं भिंतीवरच्या खुंटीला हा एकच अंगरखा टांगलेला होता. तो घालावयाचा, नाहीं तर दार बंद! अशा स्थितींत तो ज्यानें घातला त्याला शिव्या द्यावयाच्या आणि ज्यानें शिवला त्याचें नांवहि घ्यावयाचें नाहीं, हा कोठला न्याय?

आतां त्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट घेऊं. 'जज प्रीस्ट' हा १९३४ सालीं निघाला. पहिल्याच प्रसंगांत जेफ पॉइंडेक्स्टर हा चाकर कोंबड्या चोरल्याच्या आरोपावरून न्यायालयांत आणलेला असतो, आणि स्वतःचा खटला चालू असतां तो खुशाल झोंप घेत असतो. ही भूमिका पेरीची. न्यायाधीश झाला आहे विल रॉजर्स हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय विनोदी नट. बोलतां बोलतां चोरीची गोष्ट मागें पडते, मासे कोठें आणि कशानें गळाला लागतात याची चर्चा रंगते, आणि पुढच्याच दृश्यांत आरोपी व न्यायाधीश गळ खांद्यावर टाकून एकाच वाटेनें नदीकडे चाललेले दिसतात! येथें पेरीचें कसब पाहावें. त्याच्या प्रत्येक शब्दाआधीं एक विराम आहे, आणि त्या विरामांत हंसूं सांठत जातें. त्याची ढब अशी स्वतंत्र होती, कीं याच चित्रपटांत एका ठिकाणीं खुद्द रॉजर्स लपून त्याच्या आवाजाची नक्कल करतो आणि त्यावर कथेचें एक वळण साधतो. हें हास्य तोललेलें आहे, घोंटलेलें आहे. कोणा मूर्खाला तें साधत नाहीं.

आणि कोंबड्या? त्या पेरीनें चोरल्या नाहींत. मूळ कथा आयर्विन कॉब याची, पटकथा डडली निकल्स आणि लामार ट्रॉटी यांची, दिग्दर्शन जॉन फोर्डचें, भांडवल फॉक्सचें. हे सारे गोरे. फोर्डला पुढें दिग्दर्शनाबद्दल चार वेळां ऑस्कर पारितोषिक मिळालें, निकल्सचें नांव पटकथालेखकांत आदरानें घेतलें जातें. तें मिळावें, तें घ्यावें. आमची तक्रार नाहीं. परंतु त्यांच्यापैकीं कोणाचें नांव शिवी झालें काय?

याच चित्रपटाची आणखी एक कथा आहे, आणि आमच्या म्हणण्याचा खरा पुरावा तीच. जमावानें कृष्णवर्णी माणसाला पकडून झाडाला टांगावें, या राक्षसी प्रघाताचा धिक्कार करणारा एक प्रसंग फोर्डनें 'जज प्रीस्ट' साठीं चित्रित केला होता. त्यांत जमावाच्या तावडींत सांपडणारा होता तो हाच जेफ. चित्रसंस्थेनें तो प्रसंग कापून टाकला. म्हणजे चाकराची झोंप ठेवली, कोंबड्या ठेवल्या, मासे ठेवले. फक्त त्याच्या गळ्याभोंवतीं येणारा दोर तेवढा काढला! ज्या क्षणीं प्रेक्षकाचें हंसूं घशांत अडकलें असतें आणि हा चाकर त्याला माणूस म्हणून दिसला असता, नेमका तोच क्षण गेला. त्याच १९३४ सालीं अमेरिकेच्या विधिमंडळापुढें असल्या जमावहत्यांविरुद्ध कॉस्टिगन-वॅग्नर विधेयक आलें होतें. तें कधींच मंजूर झालें नाहीं; तसा संघराज्याचा कायदा होण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. फोर्डनें मात्र आपला हट्ट सोडला नाहीं. १९५३ सालच्या 'द सन शाइन्स ब्राइट' मध्यें त्यानें जमावाला अडविण्याचा तसा प्रसंग पुन्हां घातला, आणि जेफच्या भूमिकेंत पुन्हां पेरीलाच घेतलें. त्या वेळीं एकोणीस वर्षें लोटलीं होतीं आणि पेरीची सद्दी केव्हांच संपली होती.

कापली गेली ती एक फीत खरी. परंतु ज्या नियमांनीं कृष्णवर्णी नटाचें सारें आयुष्यच कातरलें, ते नियमहि पाहिले पाहिजेत. १९३० सालीं मान्य झालेली आणि १९३४ पासून कडकपणें अमलांत आलेली हॉलिवूडची निर्मितिसंहिता गोरा आणि काळा यांच्यांतील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवूं देत नसे. मोठ्या संस्थांचे नायक-नायिका गोरे. मग कृष्णवर्णीयाला उरलें काय? स्वयंपाकघर, तबेला आणि आगगाडींतली हमाली. 'जज प्रीस्ट' मध्यें पेरीबरोबर काम करणारी हॅटी मॅकडॅनिअल हिला 'गॉन विथ द विंड' मधील दासीच्या भूमिकेबद्दल १९४० सालीं ऑस्कर मिळालें. हें पारितोषिक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी व्यक्ति. त्या समारंभांत तिला बसविलें होतें तें सहकाऱ्यांपासून दूर, एका बाजूच्या वेगळ्या मेजावर. पंगतिभेद म्हणजे काय, हें मराठी वाचकाला समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आपल्या तमाशांतल्या सोंगाड्याला निदान राजाची टर उडविण्याची मुभा असे. हॉलिवूडच्या या सोंगाड्याला ती नव्हती. त्यानें फक्त स्वतःचीच टर उडवावयाची होती.

एका पक्षाचा राग मात्र आम्ही शिरोधार्य मानतों. दक्षिणेंतल्या चित्रपटगृहांत ज्यांना गोऱ्यांपासून वेगळें, वरच्या सज्जांत बसावें लागे, आणि खालून गोऱ्यांचा हंशा ऐकावा लागे, त्यांना पेरीची मान खालीं गेलेली पाहून काय वाटलें असेल! कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेचे वॉल्टर व्हाइट १९४२ सालीं हॉलिवुडांत जाऊन चांगल्या भूमिकांची मागणी करते झाले, तें योग्यच झालें. मात्र त्यांनीं ही मागणी नेली कोठें, तेंहि ध्यानांत घ्यावें. ती त्यांनीं निर्मात्यांच्या दारीं नेली, कारण कुलपाची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे हें त्यांना ठाऊक होतें.

अलीकडे दुसऱ्या टोकाचे वकीलहि निघाले आहेत. त्यांच्या मतें पेरी हा छुपा बंडखोर होता. गुलाम जसे मुद्दाम संथपणें काम करून, न समजल्याचें ढोंग करून मालकाला जेरीस आणीत, तसाच हा चाकर आळसाच्या ढालीआड मालकाचा हुकूम निष्फळ करतो, असें ते म्हणतात. यांत तथ्यांश आहे. गुलामांचा तो प्रतिकार इतिहाससिद्ध आहे, आणि जेफनें सांगितलेलें काम वेळेवर झालें, असें सहसा घडत नाहीं! तथापि तिकिटाचे पैसे देणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकाला त्यांत बंड दिसलें नाहीं. त्याला आपली जुनी समजूत पक्की झालेली दिसली. पेरीनें पैसा मिळविला, मोटारींचे ताफे बाळगले, टीकाकारांशीं हुज्जत घातली. तो हुतात्मा नव्हता. त्याला देव्हाऱ्यांत बसवावयाची गरज नाहीं. माणसाला माणूस म्हणून न्याय मिळावा, यासाठीं तो आधीं संत ठरला पाहिजे अशी अट कां असावी?

१९६८ सालीं सी. बी. एस. या संस्थेनें कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम दाखविला. निवेदक होता बिल कॉस्बी. आळशी, मूर्ख, कोंबडीचोर काळा लोकप्रिय करण्याचें श्रेय त्यांत पेरीला त्याचें पूर्ण नांव घेऊन देण्यांत आलें. १९७० सालीं पेरीनें अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९७४ सालीं ती फेटाळली गेली. त्याच काळांत जुने चित्रपट घरोघर दाखवितांना त्याचे प्रसंग वगळण्याची चाल पडली. कात्री तीच! १९३४ सालीं तिनें चाकराचें दुःख कापलें, कारण तें धंद्याला परवडणारें नव्हतें. पुढें तिनें चाकरच कापला, कारण आतां तो लाज आणीत होता. दोन्ही वेळां धनी पडद्यावर तसाच राहिला, हंसरा, दयाळू आणि निर्दोष.

म्हणून आमचें सांगणें असें, कीं हे चित्रपट कापूं नयेत आणि लपवूंहि नयेत. ते सबंध दाखवावे. मुलांना शेजारीं बसवून ते पाहावे, आणि मूल हंसलें तर त्याला रागें भरूं नये. कारण पेरी हंसवितो तो आपल्या कलेच्या बळावर. मात्र चित्रपट संपल्यावर त्याला विचारावें: या गोष्टींत झोंपलेला कोण होता, त्याला झोंपविलें कोणीं, आणि कोणता प्रसंग आपल्याला दाखविलाच नाहीं? हे तीन प्रश्न ज्याला विचारतां येतात त्याला जुन्या चित्रपटाची भीति नाहीं. हे प्रश्न टाळून नुसता नट गाळला, कीं कारखानदाराची अब्रू आपोआप धुऊन निघते.

१९७६ सालीं, ज्या संस्थेच्या वतीनें व्हाइट हॉलिवुडांत गेले होते तिच्याच तेथील शाखेनें पेरीचा खास पारितोषिक देऊन गौरव केला. त्याच वर्षीं त्याला पक्षाघाताचा झटका आला. १९ नोव्हेंबर १९८५ रोजीं तो वारला. त्याच्या समाजानें त्याच्याशीं आपला हिशेब आपल्या परीनें चुकता केला. तो त्यांचा अधिकार होता. ज्यांनीं अंगरखा शिवला आणि ज्यांनीं कात्री चालविली, त्यांच्या खात्यावरची बाकी मात्र अजून कोणीं मागितलेली नाहीं.