थोरल्याची तक्रार

उधळ्या पुत्राचा दृष्टांत सांगून झाला की एक प्रश्न हमखास येतो: मग घरी राबणाऱ्या थोरल्या भावाचं काय चुकलं? धानोऱ्यात काय किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकरी गावात काय, हा प्रश्न उडवून लावता येत नाही. वाटणी म्हणजे काय, हे इथे पोरासोरांनाही कळतं. एक भाऊ उन्हातान्हात औत हाकतो, दुसरा आपला हिस्सा फुंकून येतो, आणि कोंबडं कापलं जातं ते फुंकणाऱ्यासाठी. आक्षेप घेणारे म्हणतात, बापाच्या अशा क्षमेने कष्टाळू माणूस खचतो आणि उडाणटप्पूला बळ मिळतं.

हा आक्षेप मी आणखी बळकट करतो. लूकच्या १५व्या अध्यायात बापाने मालमत्ता दोघांना वाटून दिली, असं स्पष्ट म्हटलं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोघांत तीनपैकी दोन हिस्से. धाकट्याचा तिसरा हिस्सा दूरदेशी संपला. मग घरात उरलं ते कोणाच्या वाट्याचं? पोसलेलं वासरू, अंगठी, झगा, सगळा खर्च थोरल्याच्या पदराला. पुलपीटवरून हे सहसा सांगितलं जात नाही. थोरल्याला मत्सरी ठरवलं की उपदेश सोपा होतो. मला तो सोपेपणा मान्य नाही. थोरल्याची तक्रार पोकळ नव्हती.

दुसरा आक्षेप धाकट्यावर: हा पश्चात्ताप नव्हे, ही भूक. खरंच आहे. दुष्काळ पडला, डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांवर नजर गेली, तेव्हा घर आठवलं. पण दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला माणूस उचल न फिटताच घरी परततो, तेव्हा त्याच्या मनात शुद्ध हेतू शोधायला कोण बसतं? आधी पाय घराकडे वळतात. मन मागून येतं. धाकट्याने वाटेत बोलणं पाठ केलं होतं, त्यात मजूर म्हणून ठेवून घ्या, अशीही विनंती होती. बाप धावत आला, मिठी मारली आणि ती विनंती तोंडातच राहिली. पश्चात्ताप पुरता तपासून मगच क्षमा करायची, असा बापाचा हिशेब असता तर पोराला फार तर मजुरी मिळाली असती, मुलगेपण नाही.

आणि थोरला? त्याचंही बोलणं मजुराचंच आहे. इतकी वर्षं राबलो, कधी एक करडूही मिळालं नाही. एकाला घरात मजूर व्हायचं होतं, दुसरा इतकी वर्षं मजूर म्हणूनच राहत होता. चूक इथे आहे, त्याच्या रागात नाही.

क्षमेच्या नावाने होणारा दुसरा अन्यायही इथेच खोडून काढायला हवा. मार खाणाऱ्या बाईला, फसवलेल्या गरिबाला ‘क्षमा कर’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांना या दृष्टांताचा आधार नाही. बापाने क्षमा केली ती स्वतःच्या काळजावरच्या घावाची. शेजाऱ्याचा घाव त्याने परस्पर माफ केला नाही. याच लूकच्या १९व्या अध्यायात यरीहोचा जकातदार जक्कय आहे. येशू त्याच्या घरी उतरला, आणि जक्कयने ज्यांना नाडलं होतं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. क्षमेने देणं बुडत नाही.

पण दृष्टांत सांगितला कोणाला? जकातदार आणि पापी येशूजवळ येत होते, परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते. ही कुरकुर आपल्याकडे फार ओळखीची आहे. याच जिल्ह्यात, तळोद्याकडे मोरवडला, १९३८च्या सुमारास गुला महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला सांगितलं आणि लोक लोटले. नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही दारू सुटलेली घरं आहेत. दारू सोडणं हे लहान काम नाही, त्याला रोजची लढाई लागते, आणि त्या लढाईचा मला मनापासून आदर आहे. पण दहा वर्षांनी दारू सोडलेला तोच माणूस जेवणाच्या पंगतीत पिणाऱ्या भावापासून आपलं पान लांब सरकवतो, तेव्हा थोरला जन्माला येतो. थोरला कोणी वेगळ्या मातीचा माणूस नव्हे. तो काही वर्षांपूर्वी घरी परतलेला धाकटाच आहे, फक्त मिठी विसरलेला. म्हणून चांगल्या माणसांनी स्वतःला बापाच्या जागी बसवून हा दृष्टांत वाचू नये, असं मी ठामपणे म्हणतो. आपली जागा अंगणात, रागाने आत न जाणाऱ्या थोरल्याजवळ आहे.

थोरला धाकट्याला भाऊ म्हणत नाही, ‘तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप भांडत नाही, हुकूमही सोडत नाही. तो फक्त ‘भाऊ’ हा शब्द परत त्याच्या पुढ्यात ठेवतो. पुढे काय झालं, ते लूक सांगत नाही. काही उपदेशक थोरल्याला शेवटी आत नेतात, पण तो अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. आत वाजंत्री वाजते आहे, थोरल्याच्या पायाला शेतातली माती आहे, आणि बाप अजून बाहेरच, त्याच्याजवळ उभा आहे.