कुलमुखत्यारपत्र नको, खास मुखत्यारपत्र पुरे

हुबळीच्या गोकुळ रोडवर आमचे लहानसे कार्यालय आहे. तेथील लिनक्स संगणकात अशिलांचे दस्त, साठेखते, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे साठवलेले असतात. मागे एका कनिष्ठ सहकाऱ्याने पडद्यावर रोज नवे निसर्गचित्र यावे म्हणून एक आज्ञावली बसवली. चित्रे सुंदर होती. परंतु ती आज्ञावली दिवसभर चालू राही, महाजालाशी परस्पर संपर्क साधी, आणि आम्हाला वाचता येणारी प्रत्येक धारिका तिलाही वाचता येत असे. विपरीत काही घडले नाही. तरीही एका चित्रापायी आपण नकळत कुलमुखत्यारपत्र लिहून दिले, हे ध्यानात येताच आम्ही अस्वस्थ झालो.

प्रथम शब्दाविषयी. ‘वॉलपेपर’ला काही जण ‘भित्तिचित्र’ म्हणतात. भित्तिचित्र म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांतले किंवा वारली घराच्या भिंतीवरचे चित्र. पडद्यावर सर्व खिडक्यांच्या मागे असते, ते ‘पार्श्वचित्र’. पार्श्वभूमी, पार्श्वसंगीत यांच्या पंक्तीत हा शब्द सहज बसतो.

आता मूळ मुद्दा. चित्र निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. जेपेग किंवा पीएनजी धारिकेत चित्र संकुचित रूपात असते आणि ते उलगडावे लागते. समजा, पीएनजी धारिकेने आपली लांबी व रुंदी प्रत्येकी 65,536 ठिपके असल्याचे सांगितले. 32 बिटांच्या हिशेबात हा गुणाकार शून्य येतो. आज्ञावलीने तो पडताळला नाही, तर ती अपुरी जागा राखते आणि मजकूर शेजारच्या स्मृतीत सांडतो. अशा सांडण्यातून परक्याला आपल्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येऊ शकते. 2023 साली वेबपी चित्रे उलगडणाऱ्या संग्रहात याच जातीचा, राखलेल्या जागेबाहेर लिहिण्याचा दोष आढळला, तेव्हा जगभरचे प्रमुख न्याहाळक तातडीने दुरुस्त करावे लागले.

यावरचा उपाय प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. एका व्यवहारासाठी माणूस नेमायचा, तर त्याला तेवढ्याच व्यवहाराचे खास मुखत्यारपत्र द्यावे. युनिक्स परंपरेत ही सोय आहे. ओपनबीएसडीच्या 2016 मधील 5.9 आवृत्तीपासून ‘प्लेज’ नावाची सुविधा मिळते. आज्ञावली आरंभीच जाहीर करते की यापुढे मला एवढेच अधिकार हवेत. ते उल्लंघताच संगणकाचा गाभा तिला ठार करतो. लिनक्समध्ये हेच काम ‘सेककॉम्प’ करते. एक्सवॉलपेपर ही सी भाषेतील छोटी आज्ञावली या दोन्हींचा उपयोग करते. म्हणजे आमची अपेक्षा अव्यवहार्य नाही.

आमच्या मते अशी आज्ञावली रचताना काम दोघांत वाटावे. एक्स ही जुनी पटप्रणाली तिच्याशी जोडलेल्या कोणालाही इतर खिडक्यांतील कळदाब टिपू देते. म्हणून चित्र उलगडणाऱ्या प्रक्रियेला पडद्याशी संबंधच नसावा. तिने दिलेली धारिका वाचावी, ठिपके नळीतून पुढे द्यावेत आणि संपावे. दुसऱ्या प्रक्रियेने ते मोजून घ्यावेत. 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे 82,94,400 बाइट. एकही कमी-अधिक आला तर सारे नाकारावे. मग चित्र एक्सच्या स्वाधीन करावे, ते मागे ठेवण्याची सूचना द्यावी, जुन्या चित्राची जागा मोकळी करावी आणि निघून जावे. सतत जागे राहण्याचे तिला कारण नाही. महाजाल तर तिला हवेच कशाला?

हा विषय भाषेच्या पानावर का, असे वाचक विचारतील. संगणकाची सुरक्षा मराठीत सांगता येत नाही, शब्दच नाहीत, असे आम्ही वारंवार ऐकतो. आमच्या कचेऱ्यांनी हे शब्द केव्हाच घडवले आहेत. अनिर्बंध अधिकार म्हणजे कुलमुखत्यारपत्र, मर्यादित अधिकार म्हणजे खास मुखत्यारपत्र, आणि ‘प्लेज’ म्हणजे आज्ञावलीने स्वतःच करून दिलेले हक्कसोडपत्र. जमिनीच्या वाटणीत बहिणीने सही केलेले हक्कसोडपत्र ज्या घराने पाहिले आहे, त्याला ‘प्लेज’ समजावण्यास दोन वाक्ये पुरतात. एकदा सोडलेला हक्क सहजी परत मागता येत नाही, हे ते घर जाणते. वकालतनामा, मुखत्यार हे शब्द तर येथील कानडी पक्षकारालाही परके नाहीत.

म्हणून संगणकशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना एक विनंती आहे. मोठ्या प्रकल्पाची वाट न पाहता अशी एक छोटी आज्ञावली लिहा. तिची माहितीपुस्तिका आणि त्रुटिसंदेश मराठीत द्या. ‘पन्हाळा’ अशा देवनागरी नावाची धारिका देऊन ती तपासा. युनिक्सचा गाभा तिरकी रेघ आणि शून्य बाइट वगळता धारिकेच्या नावातील प्रत्येक बाइट जसाच्या तसा स्वीकारतो. त्यामुळे नाव तेथे अडले, तर चूक आपल्या आज्ञावलीची असते, लिपीची नव्हे.

आमच्या कार्यालयातील ती आज्ञावली आम्ही काढून टाकली. तूर्त पडदा साधा करडा आहे, आणि पार्श्वचित्राची जागा रिकामी आहे.