प्रायमाक्विन देण्याआधी एक चाचणी

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की परप्रांतातले खलाशी मालवणच्या बंदरात परततात. पावसाळी तापाचे दिवसही तेच. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला, की तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन हा ठरलेला उपचार. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते. यकृतात दडून बसलेल्यांसाठी प्रायमाक्विन लागते. ते अर्धवट सोडले तर काही आठवड्यांनी ताप पुन्हा येऊ शकतो.

पण काही जणांना याच गोळ्या बाधतात. दोन-चार दिवसांत लघवी कोकमच्या आगळासारखी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, जिना चढताना धाप लागते. तांबड्या पेशी फुटत असतात. कारण जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता. मुलाला हा दोष आईकडून येतो आणि त्रास पुरुषांत जास्त दिसतो.

हे कोडे १९५६ साली अमेरिकेत सुटले, तेही तुरुंगातल्या कैद्यांवर औषधे तपासताना. (आज असे प्रयोग कुणी करू देणार नाही.) आफ्रिकी वंशाच्या कैद्यांत जुन्या पेशी फुटत, नव्या टिकत, गोळ्या चालू असूनही रक्त हळूहळू सावरे. त्यामुळे हा दोष सौम्य असल्याचा समज पसरला. आपल्याकडे जास्त आढळणारा मेडिटेरेनियन प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात नव्या पेशीही तग धरत नाहीत. तिथला दिलासा इथे चालत नाही.

पारशी आणि काही आदिवासी समाजांत हा दोष अधिक आढळतो, हे खरे. तरीही रुग्णाचे गाव किंवा जात विचारून निदान होत नाही. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत चाचणी होते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करायचा, तर प्रायमाक्विन टाळून भागणार नाही. दोष असलेल्यांना आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली ते देता येते. एकाच मात्रेचे नवे टॅफेनोक्विन तर चाचणीशिवाय देऊच नये. ते शरीरात बरेच आठवडे राहते, मध्येच थांबवता येत नाही.

तोवर गोळ्या घेताना रोज लघवीचा रंग पाहा. गडद दिसली तर पुढची गोळी न घेता दवाखान्यात या. किनाऱ्यावर हे जमते. चार-पाच दिवस समुद्रात असलेल्या ट्रॉलरवरच्या खलाशाला मात्र परतायलाच वेळ लागतो. म्हणून त्याची चाचणी बोट सुटण्याआधी व्हावी.