घरी पास, शाळेत नापास!

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलं दोन पानी, आणि जरा रडवेलं. तिनं विज्ञान प्रदर्शनासाठी पायथॉन भाषेत पक्षी ओळखायचा खेळ तयार केला. पडद्यावर चित्र येतं, आपण नाव लिहायचं, बरोबर आलं की एक गुण. घरच्या संगणकावर तिनं तो पन्नासदा खेळून पाहिला. प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या संगणकावर लावला, तर पहिल्याच चित्रापाशी गाडी अडली! परीक्षक पुढच्या टेबलाकडे निघून गेले. वर बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असशील." आता ती विचारते, "काका, माझं चुकलं कुठे?"

उत्तर देतोच. पण आधी, मोठमोठ्या प्रोग्रामरांवरही हीच वेळ येते तेव्हा ते काय करतात, ते सांगतो.

लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी १९८७ साली 'पर्ल' नावाची संगणकाची भाषा तयार केली. ती वापरणारी मंडळी मोठी दिलदार. आपण लिहिलेले उपयोगी प्रोग्राम एकमेकांना फुकट द्यायची. त्यासाठी १९९५ साली इंटरनेटवर एक सार्वजनिक कोठार उघडलं, त्याचं नाव 'सीपॅन'. आपल्या प्रोग्रामचं गाठोडं, म्हणजे पॅकेज, तिथं ठेवायचं. ज्याला हवं त्यानं न्यावं, उघडून वाचावं, बदलावंसुद्धा. अशा उघड्या कारभाराला ओपन सोर्स म्हणतात.

आता अडचण बघा. गाठोडं बांधणारा एकटा, त्याच्याकडे संगणक एखाद-दुसरा. वापरणारे मात्र जगभर. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, कुणाची पर्ल कालची, तर कुणाची दहा वर्षं जुनी. सगळीकडे चालेल याची खात्री कोण देणार?

म्हणून चांगले लेखक गाठोड्यातच एक प्रश्नपत्रिका ठेवून देतात. 'रिकामी फाइल दिली तर प्रोग्राम कोसळत नाही ना?' असे छोटे छोटे प्रश्न. संगणक ते एकेक सोडवतो आणि पडद्यावर छापत जातो: 'ओके १', 'ओके २', 'नॉट ओके ३'. तपासायला माणूस लागतच नाही.

१९९८ साली ग्रॅहम बार आणि ख्रिस नॅन्डॉर यांनी 'सीपॅन टेस्टर्स' हा उद्योग सुरू केला. कोठारात नवं गाठोडं आलं की स्वयंसेवक ते आपापल्या संगणकावर उतरवून घेतात, प्रश्नपत्रिका सोडवायला लावतात आणि निकाल एका ठिकाणी पाठवतात. पगार नाही, बक्षीस नाही. काहींनी तर रात्रंदिवस आपोआप हेच काम करणारे संगणक मांडून ठेवले.

निकाल चार प्रकारचे. पास आणि नापास तुमच्या ओळखीचे. तिसरा 'लागू नाही'. गाठोडं फक्त विंडोजसाठी बांधलेलं असेल, तर लिनक्सवर त्याला नापास करणं हा अन्यायच की! पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या मुलाला कवायतीतून सूट देतात ना, तसं. आणि चौथा 'अज्ञात'. प्रश्नपत्रिकाच ठेवली नसेल, तर गुण कशाचे द्यायचे?

पण नुसतं 'नापास' कळवून भागत नाही. निकालासोबत संगणक कोणता, पर्ल कितवी, आणखी कोणती गाठोडी कामाला लागली, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या आणि पडद्यावर काय उमटलं, हे सगळं जातं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं तर ते तरी काय करणार?

हे निकाल आधी ई-मेलनं जात. पुढे त्यांचा एवढा पूर आला, की २०१० साली ती पद्धत बदलावी लागली. लेखकांचीही पंचाईत होई. कधी दोष त्यांचा नसे. तपासणाऱ्याच्याच संगणकाची डिस्क भरलेली, आणि शिक्का बसे बिचाऱ्या गाठोड्यावर. फुकट काम करणाऱ्याला खोटा नापास शिक्का मिळाला, की तो चिडणारच. मला त्याचा राग समजतो.

यावरची युक्ती मला फार आवडते. सगळे निकाल एका तक्त्यात मांडायचे. आडव्या ओळींत पर्लच्या आवृत्त्या, उभ्या रकान्यांत संगणकांच्या प्रणाली. पास हिरवा, नापास लाल. एकच आडवी ओळ लाल असेल, तर संशय त्या आवृत्तीवर. एकच उभा रकाना लाल असेल, तर संशय त्या प्रणालीवर. आणि सगळाच तक्ता लाल असेल, तर लेखकमहाशयांनी आपलंच गाठोडं पुन्हा सोडून बघावं!

मग २०१३ साली एक झकास घोटाळा झाला. पर्लमध्ये 'हॅश' नावाची सोय आहे. नावं लिहिलेले डबे एका पिशवीत ठेवल्यासारखी. नाव सांगितलं की डबा मिळतो, पण पिशवी उलटी केली तर कुठला डबा आधी पडेल, याची हमी नाही. तरी पुष्कळ लेखकांनी मनातल्या मनात धरून ठेवलेलं, की डबे नेहमी त्याच क्रमानं पडणार. त्या वर्षी आलेल्या पर्ल ५.१८ नं हा क्रम दर खेपेला बदलायला सुरुवात केली. क्रम आधीच ओळखून कुणी मुद्दाम संगणक तुंबवू नये म्हणून. झालं! तोच संगणक, तेच गाठोडं, सकाळी पास आणि संध्याकाळी नापास. चूक जुनीच, ती आता कुठे दिसली.

आता आपल्या मैत्रिणीकडे येऊ. मी तिला उलट पत्र टाकलं: "रडू नकोस, निकाल नीट लिहून पाठव. घरी कोणती प्रणाली, शाळेत कोणती, पडद्यावर नेमकं काय आलं?" तिचं उत्तर आलं. घरी विंडोज, शाळेत लिनक्स. पडद्यावर लिहिलेलं, की मोराच्या चित्राची फाइल सापडत नाही. तिनं फाइलच्या नावातला पहिला 'एम' मोठ्या लिपीत लिहिला होता आणि प्रोग्राममध्ये छोट्या. विंडोज असा फरक एरवी मनावर घेत नाही. लिनक्सच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं!

तिनं नाव बदललं, आणि शाळेत खेळ चालला. बाईंना तिनं आपला लाल-हिरवा तक्ताही दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हा उद्याच्या तासाला फळ्यावर काढ." आता वर्गातली नऊ मुलं तिचा खेळ आपापल्या घरी चालवून बघताहेत. आठ हिरवे आलेत. एक लाल, कुणाच्या तरी मामाच्या जुन्या लॅपटॉपवर. त्यावर पायथॉनची आवृत्ती कोणती, हे विचारायला मामांना फोन लावायचाय.