संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?

सर्वसाधारण सभांचे दिवस जवळ आलेत. अहवाल वाचला जाईल, ताळेबंद मंजूर होईल, इमारतीच्या गळतीवर तासभर वाद होईल आणि चहा-बिस्किटं होतील. यंदा एक प्रश्न जास्तीचा विचारा. आपल्या संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे?

बहुतेक ठिकाणी व्यासपीठावर बघाबघी होईल. मग कुणीतरी सांगेल, "ते आपल्या अमक्यांच्या पोरानं केलंय, त्याला माहीत असेल." तो पोरगा आता बंगलोरला. त्याचा जुना ईमेल बंद. मुदत संपत आल्याची पत्रं त्या बंद ईमेलवर जाताहेत आणि इकडे कुणाला पत्ताच नाही.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाचा पत्ता टाकला की आज रमीची जाहिरात उघडते. पावतीपुस्तकावर, स्मरणिकेवर, दारावरच्या फलकावर अजून तोच पत्ता आहे. देणगीदारांना आपणच जुगाराच्या दारात नेऊन सोडतोय.

हे कसं होतं ते समजून घ्या. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीनं मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं, मग नूतनीकरण. डॉट कॉमचं उदाहरण घ्या. मुदत संपल्यावर कंपनी सहसा काही दिवस थांबते. नाव काढून टाकल्यावरही ३० दिवस दंड भरून परत मिळवता येतं. त्यानंतरचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जगाला खुलं. जुन्या नावांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात, कारण वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून, दुसऱ्या साइटवरून त्या पत्त्याकडे येणारे रस्ते तयारच असतात. तुमच्या संस्थेनं पन्नास वर्षांत कमावलेली पत त्यांना आयती मिळते.

माझं स्पष्ट मत आहे. डोमेन हा छपाईसारखा किरकोळ खर्च नाही, ती मालमत्ता आहे. कपाट, पंखा, खुर्च्या यांची नोंद आपण डेडस्टॉक रजिस्टरला करतो, मग याची का नको? कोर्टानं ही किंमत कधीच ओळखली आहे. 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' हे नाव घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच रोखलं. २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. पण कोर्टात जायला पैसा लागतो. नाव वेळेवर जपायला वर्षाला साधारण हजार रुपये. सभेचा चहा त्याहून महाग पडतो.

आता नाव निवडायचं कसं? टिकणारं नाव हवं असेल तर माझ्या मते हे बघा.

१. फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. मराठी नावाची खरी अडचण रोमन स्पेलिंगची आहे. 'श्री'ला एक 'आय' की दोन 'ई'? 'वाचनालय'च्या शेवटी 'ए' लावायचा की नाही? 'व'ला 'व्ही' की 'डब्ल्यू'? जिथे दोन स्पेलिंग संभवतात, तिथे दोन्ही घ्या आणि एकावरून दुसऱ्याकडे वळवा. मधली आडवी रेघ टाळा, ती सांगताना हमखास राहते.

२. नावात साल, योजना किंवा चालू अध्यक्ष नको. शताब्दीचं साल घालून घेतलेलं नाव पुढच्याच वर्षी शिळं होतं. अध्यक्षांचं तर विचारूच नका, निवडणूक दर पाच वर्षांनी असते.

३. छोटं नाव नामांतरही पचवतं. पुणे विद्यापीठाचं २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तरी 'युनिपुणे' हा पत्ता चालूच राहिला. शहराचं मुंबई झालं तरी पवईच्या आयआयटीचा 'आयआयटीबी' तसाच आहे. जिल्ह्यांची नावं बदलताना आपण पाहतोय, तेव्हा गावाचं नाव घालताना दहा वेळा विचार करा.

४. शेपटी फॅशनची नको. फुकट मिणाऱ्या डॉट टीकेवर लाखो लोकांनी साइट काढल्या. ती शेपटी न्यूझीलंडच्या ताब्यातल्या टोकेलाऊ बेटांची. २०२३ मध्ये फुकट वाटणाऱ्या कंपनीनं नवी नोंदणी थांबवली आणि पुढच्या वर्षी त्या धंद्यातूनच बाहेर पडली. स्टार्टअपवाल्यांची लाडकी डॉट आयओ ही हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाची. त्या बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचा करार झाल्यापासून तिच्या भवितव्याची चर्चा सुरू आहे. आपल्यासाठी डॉट इन उत्तम. शिक्षणसंस्थेला एसी डॉट इन किंवा एज्यु डॉट इन मिळत असेल तर तेच घ्या, कारण ते कुणालाही मिळत नाही. डॉट ऑर्ग मात्र कुणीही घेऊ शकतो, त्यावरून संस्था खरी ठरत नाही.

५. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे, मराठीतही मिळतं. अभिमानानं घ्या. पण अजून बरेच ऑनलाइन फॉर्म तसला ईमेल स्वीकारत नाहीत, म्हणून एकमेव पत्ता म्हणून नको, जोडीला असू द्या.

"आमचं फेसबुक पेज आहे की," असं म्हणणारे भेटतात. पेज जरूर चालवा. पण ती दुसऱ्याच्या वाड्यातली खोली आहे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉक २०२० मध्ये एका रात्रीत गेलं आणि लोकांचे व्हिडिओ तिथेच अडकले. स्वतःचं डोमेन असलं की आतलं घर कितीदाही बदला, दारावरचा नंबर तोच राहतो.

"गूगलवर शोधलं की सापडतं," हेही ऐकतो. सातबारा शोधून बघा. सरकारी 'भूलेख' साइटच्या आसपास खासगी साइटची किती गर्दी दिसते! नवख्या माणसाला खरी ओळखायला पत्त्याच्या शेवटचं गव्ह डॉट इन बघण्यावाचून गत्यंतर नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं, ते फसवणुकीला आळा बसावा म्हणूनच. बँकांना पत्त्याची एवढी काळजी असेल, तर ऑनलाइन देणगी घेणाऱ्या ट्रस्टला का नसावी?

वेबसाइट करून देणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. बहुतेकांनी पदरमोड करून, हौसेनं काम केलंय. जबाबदारी कार्यकारिणीची आहे. म्हणून यंदाच्या सभेत हा ठराव मांडा :

• डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्यावं. नोंदणीला संस्थेचाच ईमेल द्यावा, तोही त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो.
• पासवर्ड सचिव आणि खजिनदार दोघांकडे असावा, पदभार देताना तो लेखी सोपवावा.
• शक्य असेल तर एकदम १० वर्षांचे पैसे भरावेत आणि मुदतीची तारीख दरवर्षी अहवालात छापावी.
• नवी साइट केली तरी जुना पत्ता सोडू नये, नव्याकडे वळवून ठेवावा.

सूचक कुणीही व्हा, अनुमोदक शेजारी बसलेला असेलच. आणि सभेत काय उत्तर मिळालं ते इथे जरूर लिहा. संस्थेचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.