तीनशे कोटींतले एक अक्षर

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा डोळ्यांपुढे येतो. याच शहरात १९८४ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक संस्था आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करीत आहे. तिच्या अभ्यासातला एक महत्त्वाचा आजार म्हणजे सिकलसेल. मंडला-दिंडोरीप्रमाणेच आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागांतही तो आढळतो. तो केवळ आदिवासींचा आजार आहे असे मात्र नाही. विदर्भात इतर समाजांतही त्याचे रुग्ण आहेत.

या आजारात रक्तातल्या गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय असह्य दुखतात, रक्त कमी होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. हे सारे कशामुळे? तर डीएनएमधल्या एका अक्षराच्या फरकामुळे!

आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी. त्यात हिमोग्लोबिन बनवण्याची कृती आहे. तिच्यात एका जागी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ आले की हिमोग्लोबिनचा एक घटक बदलतो आणि पेशी वाकड्या होतात.

ही पोथी वाचायची सोयीस्कर रीत १९७७ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी दिली. त्याच तत्त्वावरच्या यंत्रांनी १९९० ते २००३ अशी तेरा वर्षे खपून मानवाचा बहुतेक जनुकसंच वाचला गेला. आताची यंत्रे डीएनएचे बारीक तुकडे करून कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचतात. हेच काम आता काही दिवसांत होते.

पण तुकडे वाचून भागत नाही. एकाच पोथीच्या अनेक प्रती फाडून कपटे एकत्र मिसळले, तर ओळींची टोके जुळवूनच मजकूर पुन्हा उभा करावा लागेल. डीएनएच्या बाबतीत हे काम संगणक करतो. नंतर तो मजकूर इतरांच्या मजकुराशी ताडून फरक कुठे आहे ते दाखवतो. या शास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. ताडून पाहायला संग्रह हवा. अमेरिकेत ‘जीनबँक’ १९८२ पासून आहे. आपल्याकडे फरीदाबादच्या केंद्रात दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती ठेवलेली असून, जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांना खुली झाली आहे.

अशा तुलनेचा उपयोग काय? भारतातल्या बहुतेक सिकलसेल रुग्णांत त्या चुकीच्या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूर आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा वेगळा असतो. या ठेवणीच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुढेही जास्त प्रमाणात टिकते, आणि ते पेशींना वाकू देत नाही. म्हणून पुष्कळांचा आजार तुलनेने सौम्य राहतो. हे हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध आज डॉक्टर वापरतात.

घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट निराळीच आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आला, तर मूल ‘वाहक’ होते. वाहक सहसा आजारी नसतो, आणि त्यात कमीपणाही नाही. पण पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक ओळखायला डीएनए वाचावा लागत नाही, साधी रक्ततपासणी पुरते. गर्भाची तपासणी मात्र डीएनएवरूनच, साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात तपासणी करून सिकलसेल कार्ड दिले जाते. लग्न ठरवताना पत्रिका पाहणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. नात्यात किंवा गावात हा आजार असेल, तर मुलामुलींची ही कार्डेही शेजारी ठेवून पाहावीत. दोघेही वाहक निघाले तरी निर्णय त्या दोघांचाच. तो डॉक्टरांशी बोलून, माहिती घेऊन करावा, एवढेच.