खाडाखोड न केलेला आकडा

बँकेत लागलो तेव्हा हेडक्लार्कनं पहिल्याच आठवड्यात एक धडा दिला. लेजरमधला आकडा पटो वा न पटो, त्याला खोडरबर लावायचं नाही. चूक असेल तर रेघ मारून सही करायची. चूक नसेल तर आकडा आहे तसा ठेवायचा. कारण आज नाही तर उद्या सापडतं. पार्ल्याहून फोर्टला लोकलनं ये-जा करण्यात सारी नोकरी गेली. पण या धड्याचा सर्वांत मोठा दाखला फोर्टच्या जरा पुढे, कुलाब्याला होता, हे कळायला निवृत्ती उजाडावी लागली.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. अचानक डागांपाशी पांढराशुभ्र उजेड फुटला आणि पाचेक मिनिटांत विझला. सूर्यावरच्या चुंबकीय बलरेषा पीळ पडत पडत एकदम सुटल्या की असा भडका उडतो. कित्येकदा त्याच्यासोबत अब्जावधी टन तप्त, विद्युत्भारित वायू अवकाशात भिरकावला जातो. पंधरा कोटी किलोमीटर कापायला त्याला एरवी दोन-तीन दिवस लागतात. त्या वेळी तो साडेसतरा तासांत पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाबा वेधशाळेतलं चुंबकमापक आपोआप रेघ ओढणारं नव्हतं. माणसानं डोळा लावून आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा; एरवी तासातासाला, काही गडबड दिसली की पंधरा आणि पाच मिनिटांनी. गणिती केरूनाना छत्रे यांनीही पूर्वी याच वेधशाळेत नोकरी केली होती. त्या सकाळी आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लानं कोसळला. मार्च १९८९ च्या सौरवादळात कॅनडाचा क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात बुडाला. त्या वेळी जगभरच्या नोंदींवरून काढलेली घट ६०० च्या आत होती. यावरून १६०० चा अर्थ ध्यानात यावा.

यंत्र बिघडलं असं म्हणून तो आकडा गाळणं किती सोपं होतं! तो गाळला गेला नाही. २००३ साली भूचुंबकत्व संस्थेच्या लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या, आणि जगातलं सर्वांत प्रसिद्ध सौरवादळ मुंबईच्या वहीतून नव्यानं उलगडलं.

हे जुनं कौतुक म्हणून सांगत नाही. आज पार्ल्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही फोनवरून जातात. वीज, उपग्रह, डोक्यावरून उतरणारी विमानं, सगळंच अशा वादळाच्या टप्प्यात आहे. पुण्याच्या 'आयुका'नं घडवलेली दुर्बीण घेऊन गेलेलं 'आदित्य एल-१' जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. पण वादळ जास्तीत जास्त किती मोठं असू शकतं, हे ठरवायला थोड्या वर्षांची मोजमापं पुरत नाहीत. तिथे जुन्या वह्याच लागतात.

पार्लेकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला शेजारच्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. आकडा अविश्वसनीय होता, पण तो लिहिला गेला. म्हणून आज नाल्यांच्या रुंदीविषयी बोलताना आपल्या हाती काही आहे.

म्हणून आग्रह एवढाच, की सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, ग्रंथालयांत पडून असलेली जुनी नोंदबुकं रद्दीत जाण्याआधी कुणीतरी जाणत्यानं पाहावीत. त्यांच्या प्रती काढाव्यात, आणि अभ्यासकांना त्या मुक्तपणे मिळाव्यात. आणि आज कुठे तापमान, पाऊस, पाण्याची पातळी लिहून ठेवणारा जो कोणी कारकून असेल, त्याची जागा बिनकामाची म्हणून रद्द करण्यापूर्वी कुलाब्याची ती वही एकदा आठवावी.